मानमंदिराच्या तळघरात ऊन किती पोहोचते

ग्वाल्हेरच्या उन्हाबद्दल बोलताना लष्कर या इथल्या जुन्या भागात राहणाऱ्या आम्हा मराठी मंडळींच्या सुरात तक्रारीपेक्षा अभिमानच अधिक असतो. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या वर गेला की पुण्याच्या नातेवाइकांना तो आकडा फोनवरून ऐकवण्यात एक निराळेच समाधान मिळते. सकाळचे अकरा वाजायच्या आत खिडक्या लावून घ्यायच्या, पडदे ओढायचे, पूर्वी वाळ्याच्या ताट्यांवर पाणी शिंपडायचे आणि आता कूलरच्या टाकीत बादल्या ओतायच्या, मग ऊन उतरेपर्यंत घराबाहेर पाऊल टाकायचे नाही, हा इथला पिढ्यान्‌पिढ्यांचा क्रम आहे. जिथे लू लागून माणसे दगावतात, तिथे राजवाडा बांधणाऱ्याला सर्वांत आधी उन्हाचाच बंदोबस्त करावा लागतो. किल्ल्यावरच्या मानमंदिर या राजवाड्याकडे मी याच नजरेने पाहते. बाहेरच्या भिंतीवरची निळी बदके, हत्ती आणि केळीची झाडे सर्वांनाच आवडतात आणि छायाचित्रांतही तीच दिसतात. पण राजा मानसिंह तोमराच्या कारागिरांची खरी हुशारी जमिनीखाली आहे, असे माझे मत आहे.

मानसिंहाची कारकीर्द 1486 ते 1516 अशी तीस वर्षांची. त्याच्या या महालाचे दोन मजले जमिनीवर आणि दोन मजले जमिनीखाली आहेत, आणि खालचे दोन्ही मजले किल्ल्याच्या पूर्वेकडील कड्याला लागून, तटबंदीच्या आधाराने उतरवलेले आहेत. उन्हाळ्यात राजकुटुंबाने दुपारी खाली जाऊन बसावे, हा त्यामागचा हेतू होता. दगडाच्या अंगी एक मोठा गुण असतो, तो म्हणजे सावकाशपणा. दिवसभर तापणारी आणि रात्री निवणारी उष्णतेची लाट जाड दगडात किंवा जमिनीत जेमतेम अर्धा मीटर आत जाते आणि तिथे विरून जाते. उन्हाळा-हिवाळ्याची वार्षिक लाटसुद्धा साधारण दहा मीटरच्या आसपास संपते. त्याखाली वर्षभराचे सरासरी तापमानच तेवढे उरते. म्हणजे वर लू वाहत असताना खाली बसलेल्या माणसाला बारा महिन्यांची गोळाबेरीज अनुभवायला मिळते, आणि ग्वाल्हेरसारख्या गावात ही गोळाबेरीज मे महिन्याच्या मानाने फारच सुखाची असते.

अडचण अशी, की उष्णता अडवायची तर भोके ठेवता येत नाहीत, आणि भोके ठेवली नाहीत तर माणसाला ना दिसते ना श्वास घेता येतो. सूर्याकडून येणाऱ्या दोन गोष्टींपैकी एक बाहेर ठेवून दुसरी मोजून-मापून आत घ्यायची, असा हा हिशेब आहे. मानमंदिरात तो भिंतींतून खाली उतरणाऱ्या अरुंद नळ्यांनी आणि झरोक्यांनी सोडवलेला दिसतो. त्यांतून वारा येतो, थोडा उजेड येतो, आणि गाइड सांगतो त्याप्रमाणे वरच्या मजल्यावरून खालच्या मजल्याशी बोलताही येते.

यंदा पुण्याहून माझी भाची आणि भावजी आले होते. भाची वास्तुशास्त्र शिकते आणि तिला जमिनीखालची बांधकामे पाहायचा नाद आहे. भावजींना नाद वगैरे काही नाही, ते केवळ बापाच्या कर्तव्यबुद्धीने आले होते. आम्ही लष्करात वाढलेल्या मुलांनी शिंद्यांच्या गंगाजळीच्या, म्हणजे किल्ल्याच्या पोटात दडवलेल्या खजिन्याच्या गोष्टी लहानपणी इतक्या ऐकल्या आहेत, की किल्ल्यावरचा कोणताही खाली जाणारा जिना दिसला की आम्हाला अजूनही आशा वाटते. भाचीला तसले काही माहीत नसल्यामुळे तिचे लक्ष जिन्याकडेच होते. जिना अरुंद, उंच पायऱ्यांचा आणि मध्येच वळणारा आहे. “मॅडम, सिर बचाके,” असे गाइड म्हणेपर्यंत भावजींचे कपाळ चौकटीला लागलेले होते. पहिल्या वळणापर्यंत पायऱ्यांची पिवळसर वालुकाश्माची कड स्पष्ट दिसते, दुसऱ्या वळणावर दगडाचा रंग जातो आणि नुसता आकार राहतो, आणि त्यानंतर पाय स्वतःच पुढची पायरी चाचपू लागतात. वटवाघळांच्या विष्ठेचा उग्र वास मात्र वरच्या पायरीपासून शेवटपर्यंत सोबत करतो.

इथे मला बाबराची आठवण होते. 1528 च्या सप्टेंबरमध्ये तो ग्वाल्हेरचा किल्ला पाहायला आला होता आणि आपल्या आत्मचरित्रात त्याने इथल्या इमारतींचे बारकाईने वर्णन केले आहे. मानसिंहाचा महाल त्याला आवडला, तरी नावे ठेवायलाही तो विसरला नाही. मानसिंहाच्या मुलाच्या, विक्रमादित्याच्या इमारती बापाच्या तोडीच्या नाहीत असे सांगून तो तिथल्या एका मोठ्या घुमटाबद्दल लिहितो, की आत फार अंधार आहे, पण थोडा वेळ थांबले की उजेड वाढल्यासारखा होतो. आणि त्या घुमटाखाली आणखी एक लहान दालन आहे, त्यात मात्र कोणत्याच बाजूने उजेड येत नाही. बापाच्या महालापासून मुलाच्या महालापर्यंत जाणाऱ्या, बाहेरून अजिबात न दिसणाऱ्या बंदिस्त वाटेचाही तो उल्लेख करतो. राजवाडे पाहायला आलेला विजेता सहसा सोने आणि उंची मोजतो. हा गृहस्थ अंधारात थांबून डोळ्यांना काय होते ते पाहत होता, आणि त्याने पाहिले ते अगदी बरोबर होते.

थांबल्यावर उजेड वाढत नाही, डोळे बदलतात. बाहुली 2 मिलिमीटरवरून 7 मिलिमीटरपर्यंत रुंदावते, पण त्याने फक्त बारापट प्रकाश अधिक आत येतो, आणि तो बदल काही क्षणांतच आटोपतो. खरे काम दृष्टिपटलावर चालते. रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी आठ-दहा मिनिटांत आपल्या परीने जितक्या संवेदनशील व्हायच्या तितक्या होतात. मंद प्रकाशासाठी असलेल्या दंडपेशींमधले रंगद्रव्य मात्र उन्हात विघटित झालेले असते आणि ते पुन्हा पूर्ण तयार व्हायला अर्धा-पाऊण तास लागतो. एवढा धीर धरला तर डोळ्याची संवेदनशीलता लाखपटीहून अधिक वाढते. मध्येच कोणी मोबाइलचा दिवा तोंडावर मारला की दंडपेशींना जवळपास पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. तळघरात येणाऱ्या शंभरांपैकी नव्व्याण्णव पर्यटक नेमके हेच करतात, आणि मग “इथे काहीच दिसत नाही” असे म्हणत वर जातात.

भाचीने तिथेच एक आकडेमोड करून दाखवली, ती मला फार आवडली. मे महिन्याच्या दुपारी उघड्यावर सुमारे 1 लाख लक्स (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) प्रकाश असतो. पौर्णिमेच्या चांदण्यात तो साधारण पाव लक्स असतो. खडबडीत दगडी भिंत आपल्यावर पडलेल्या प्रकाशापैकी 40 टक्के परत फेकते असे धरून चाललो, तर पाच वेळा भिंतीवर आपटून आलेल्या प्रकाशाचा एक शतांश भाग शिल्लक राहतो आणि दहा वेळा आपटून आलेल्याचा दहा हजारांतला एक. मुळात झरोका वीतभर, त्यातून आलेला उजेड सगळ्या दालनभर पसरायचा, शिवाय वळणेही घ्यायची. म्हणजे वर 1 लाख लक्सची आग असताना खालच्या कोपऱ्यात चांदण्याहूनही कमी उजेड का असतो, हे सांगायला भुताखेतांची गरज पडत नाही. पण हाच हिशेब उलट बाजूने वाचला की कारागिरांचे कौतुक वाटते. डोळे सरावलेल्या माणसाला वावरण्यापुरते दिसावे, आणि ते दिसताना उष्णता मात्र खाली येऊ नये, इतका नेमका उजेड त्यांनी आत घेतला होता. खांबांच्या वर्तुळाने वेढलेल्या त्या गोल दालनात आम्ही भिंतीला पाठ लावून बसलो, तेव्हा काही वेळाने खांब एकामागून एक वेगळे झाले आणि मग छतातल्या कड्याही दिसू लागल्या. तिथे झोपाळे टांगत असत, असे गाइडचे म्हणणे.

अर्थात गाइडला झोपाळ्यांत रस नव्हता. त्याला आम्हाला ‘फाँसीघर’ दाखवायचे होते. तिथे नेऊन त्याने आपला टॉर्च विझवला, आणि दालनाच्या तोंडाशी उभ्या असलेल्या भावजींनी वाट अडवल्यामुळे असेल, पण मिट्ट काळोख झाला. अशा काळोखात आपला हात डोळ्यांसमोर हलवून पाहावा. सावलीसारखे काहीतरी सरकताना दिसते. भाची म्हणाली, “मावशी, मला माझा हात दिसतोय.” तो दिसत नसतो. अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी 2013 मध्ये यावर प्रयोग प्रसिद्ध केले होते. पूर्ण अंधारात स्वतःचा हात हलवणाऱ्या जवळपास निम्म्या लोकांना ती हालचाल ‘दिसते’, कारण हात कुठे आहे हे मेंदूला ठाऊक असते आणि डोळ्यांनी न कळवलेली बातमी तो स्वतःच तयार करतो. दुसऱ्या कोणाचा हात समोर हलवला तर हा भास होत नाही.

हेच तळघर पुढे तुरुंगाच्या कामी आले. 1558 मध्ये किल्ला अकबराच्या ताब्यात गेला आणि त्यानंतर ग्वाल्हेर ही मुघल घराण्यातल्या नकोशा माणसांना ठेवण्याची जागा झाली. जहांगीराने शिखांचे सहावे गुरू हरगोविंद यांना इथे कैदेत ठेवले होते. सुटताना त्यांनी आपल्याबरोबर 52 राजांना सोडवले अशी परंपरा आहे, आणि त्या सुटकेची आठवण शीख समाज दिवाळीच्या सुमारास दिवे लावून जागवतो. किल्ल्यावरचा दाता बंदी छोड गुरुद्वारा त्यांच्याच स्मरणार्थ आहे. औरंगजेबाने आपल्या भावाला, मुरादबक्षाला, इथेच ठेवले आणि 1661 मध्ये इथेच त्याला देहदंड दिला. औरंगजेबाचा थोरला भाऊ दारा शुकोह याचा मुलगा सुलेमान शुकोह 1662 मध्ये याच किल्ल्यावर मेला.

गाइड प्रत्येकाची जागा बोटाने दाखवतो. माझे लक्ष मात्र जागेपेक्षा पद्धतीकडे जाते. फ्रान्स्वा बर्निये हा फ्रेंच वैद्य त्या काळी मुघल दरबारात वावरत होता, आणि सुलेमानला औरंगजेबापुढे उभे केले तेव्हा तो हजर होता. त्याने ‘पोस्त’ या प्रकाराची हकीकत लिहून ठेवली आहे. अफूची बोंडे कुटून रात्रभर पाण्यात भिजत घालायची आणि सकाळी ते पाणी पेलाभर कैद्याला पाजायचे. ते पोटात गेल्याशिवाय त्याला खायला द्यायचे नाही. ग्वाल्हेरच्या राजपुत्र कैद्यांसाठी हा रिवाजच होता, असे बर्निये सांगतो. माणूस हळूहळू खंगतो, त्याची बुद्धी मंदावते, तो गुंगीत राहतो. मला पोस्त देणार असाल तर आत्ताच मारून टाका, अशी विनवणी सुलेमानने भर दरबारात केली होती. तलवारीला न घाबरणारा तरुण एका पेल्याला का घाबरला असेल, याचा विचार तळघरात बसून केला की तो अधिक उलगडतो.

कारण उजेड हे पाहण्याचे साधन तर आहेच, पण त्याहूनही अधिक तो आपला वेळ आहे. 1962 च्या उन्हाळ्यात मिशेल सिफ्र नावाचा 23 वर्षांचा फ्रेंच भूवैज्ञानिक आल्प्स पर्वतातल्या स्कारासों इथल्या एका बर्फाळ गुहेत घड्याळाशिवाय उतरला आणि दोन महिने एकटा राहिला. झोपेतून उठले की, जेवताना आणि झोपण्याआधी तो वर फोन करून कळवी. वरच्यांनी मात्र त्याला स्वतःहून फोन करायचा नाही आणि वेळ सांगायची नाही, असा करार होता. 14 सप्टेंबरला त्याला बाहेर बोलावले, तेव्हा त्याच्या वहीत 20 ऑगस्ट उजाडला होता. दर सेकंदाला एक याप्रमाणे 120 आकडे मोजायला सांगितले, तर त्याला प्रत्यक्षात पाच मिनिटे लागत. गंमत अशी, की त्याचे शरीर मात्र फारसे चुकत नव्हते. नोंदी तपासल्यावर असे दिसले, की झोप आणि जाग यांचे त्याचे चक्र सुमारे साडेचोवीस तासांचे राहिले होते; पूर्ण रात्रभराच्या झोपेलाही तो डुलकी समजत होता, इतकेच. शरीराचे घड्याळ चालू होते, मनाचे पंचांग मात्र कोलमडले होते.

हे आतले घड्याळ असते, याचा पहिला पुरावा एका रोपट्याने दिला. 1729 मध्ये द मेराँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने पाने मिटणारे, बहुधा लाजाळूचे, झाड अंधारात ठेवले, तरी त्याची पाने दिवसा उघडत आणि रात्री मिटत राहिली. माणसाच्या मेंदूत डोळ्यांकडून येणाऱ्या मज्जातंतूंच्या अगदी वर सुमारे 20,000 पेशींचा एक पुंजका हे काम करतो, आणि त्याला वेळ कळवण्यासाठी दृष्टिपटलात निराळ्या पेशी असतात, ज्यांचा चित्र पाहण्याशी फारसा संबंध नसतो. त्यांचा शोध अगदी अलीकडचा, मागच्या शतकाच्या अखेरीचा आणि या शतकाच्या सुरुवातीचा. आपल्याकडे मदुराई कामराज विद्यापीठात एम. के. चंद्रशेखरन यांनी या विषयावर आयुष्यभर काम केले आणि माणसांना सूर्य व घड्याळ यांपासून दूर ठेवून अभ्यासता यावे अशी खास बंदिस्त खोलीही तिथे उभारली. माणसाचे आतले घड्याळ सरासरी 24 तास 11 मिनिटांचे असते, असे 1999 मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी दाखवले. म्हणजे रोज सकाळी ऊन डोळ्यांवर पडले नाही, तर ते दर दिवशी अकरा मिनिटे मागे पडते, महिन्यात साडेपाच तास, आणि चार-साडेचार महिन्यांत पूर्ण एक फेरा. अशा माणसाला अधूनमधून भर दुपारी मध्यरात्र अनुभवावी लागते. त्यात रोज सकाळी अफूचे पाणी पाजले, तर ते घड्याळ काय आणि पंचांग काय, दोन्ही हातचे गेले.

म्हणूनच अडकलेल्या माणसांना जमिनीखालून काढणारी मंडळी आता अन्न-पाण्याच्या पाठोपाठ दिवस-रात्रीची सोय करतात. चिलीमध्ये 2010 साली 33 खाणकामगार सुमारे 700 मीटर खोलीवर 69 दिवस अडकले होते. त्यांच्यासाठी खाली उजेडाचा आणि अंधाराचा असे वेगवेगळे भाग करून दिवसाचे चक्र सांभाळले गेले. थायलंडच्या गुहेत 2018 मध्ये अडकलेली मुले पाणबुड्यांना सापडली, तेव्हा त्यांच्या पहिल्या काही प्रश्नांपैकी एक ‘आज वार कोणता?’ असा होता. आपल्याकडे 2023 मध्ये ऐन दिवाळीच्या पहाटे उत्तरकाशीजवळच्या सिलक्यारा बोगद्यात 41 कामगार अडकले आणि 17 दिवसांनी सुखरूप बाहेर आले. आतली वीज चालू राहिली होती, ही गोष्ट त्या वेळच्या बातम्यांमध्ये ओझरती येत असे. मला मात्र ती पाइपमधून पाठवलेल्या खिचडीइतकीच महत्त्वाची वाटते.

चिलीच्या कामगारांना वर आणताना काळे चष्मे घातले होते. आमच्याकडे तसले काही नव्हते. जिन्यातून बाहेरच्या चौकात आलो तेव्हा दगडांवरून उसळणाऱ्या उन्हाने डोळ्यांत पाणी आले, आणि भावजींना एकापाठोपाठ एक शिंका सुरू झाल्या. गाइडला वटवाघळांच्या वासाचा संशय होता, पण कारण निराळे होते. अंधारातून एकदम उन्हात आल्यावर काही लोकांना शिंका येतात. साधारण चारांतल्या एकाला हा त्रास असतो आणि तो आनुवंशिक असतो. भाचीलाही आल्या, म्हणजे प्रकरण सिद्धच झाले.

कोणाला जायचे असेल, तर सकाळी लवकर जावे, कारण खालचे मजले पूर्वेच्या अंगाला आहेत आणि झरोक्यांतून मिळायचा तेवढा उजेड सकाळीच मिळतो. टॉर्च जिन्यापुरता ठेवावा आणि खाली गोल दालनात पोहोचल्यावर तो विझवून किमान दहा मिनिटे स्वस्थ बसावे. पाऊण तास बसलात तर उत्तमच, पण तेवढा वेळ कोणताही गाइड थांबत नाही, त्याला आधी तसे सांगून ठेवावे लागते. आता खाली काही ठिकाणी विजेचे दिवे आहेत. ते जिन्यांवर असावेत याबद्दल माझे काही म्हणणे नाही, पण दालनांतले दिवे घटकाभर तरी बंद ठेवण्याची सोय हवी, नाहीतर ज्यासाठी हे मजले बांधले तेच पाहायला मिळत नाही. आणि उंच माणसांनी पहिल्या चौकटीपाशी खरोखरच वाकावे.